उपस्थितीचे मोल : महाराष्ट्रातील शैक्षणिक रोख प्रोत्साहन योजनांची चिकित्सा
(विशेष संदर्भ : नाशिक जिल्हा)

बीजसंज्ञा : उपस्थिती भत्ता, शिष्यवृत्ती, सशर्त रोख हस्तांतरण, आदिवासी शिक्षण, हंगामी स्थलांतर, गळती

१. प्रस्तावना

प्राथमिक शाळेतील गरीब मुलींची उपस्थिती वाढावी, त्यांची गळती थांबावी, या हेतूने महाराष्ट्र शासनाने १९९२ मध्ये उपस्थिती भत्ता योजना सुरू केली. इयत्ता पहिली ते चौथीत शिकणाऱ्या, दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व भटक्या-विमुक्त जमातींच्या कुटुंबांतील मुलीला शाळेत हजर राहिल्याबद्दल दर दिवसाला एक रुपया आणि २२० दिवसांच्या शालेय वर्षाचे जास्तीत जास्त २२० रुपये देण्याची तरतूद तीत होती. पुढील तीन दशकांत वेतन आयोग आले, भाववाढ झाली, शिक्षणहक्काचा कायदा झाला; परंतु या एका रुपयाचा दर बदलला नाही.

'भत्ता' हा शब्द येथे लक्षात घेण्यासारखा आहे. शासकीय व अनुदानित सेवेतील वर्गाला तो चांगला परिचित आहे. महागाई भत्त्यामागील तत्त्व असे की, वस्तूंचे भाव वाढले की वेतनाचे खरे मूल्य घटते. ते भरून काढणे हे नियोक्त्याचे कर्तव्य होय. म्हणून जानेवारी व जुलै अशा दोन टप्प्यांत त्याची फेरआकारणी होते. तोच शब्द चौथीतल्या मुलीला लावला गेला, तेव्हा मात्र त्यामागील तत्त्व तिच्यापर्यंत पोहोचले नाही. कर्मचाऱ्याचा भत्ता निर्देशांकाला बांधलेला राहिला आणि मुलीचा भत्ता १९९२ सालाला.

हा विरोधाभास केवळ एका योजनेपुरता नाही. गरीब कुटुंबाला पैसे देऊन मुलांना शाळेत टिकवण्याची कल्पना महाराष्ट्रात अनेक रूपांनी राबविली गेली आहे. या योजना अपुऱ्या आहेत, एवढेच म्हणून थांबणे सोपे आहे. रक्कम किती, ती केव्हा मिळते, कोणावर अट घालते आणि कशाच्या ऐवजी दिली जाते, हे चार प्रश्न विचारले, तर या योजनांमागील विचाराचीच परीक्षा होते. प्रस्तुत लेखात ती परीक्षा करण्याचा प्रयत्न आहे.

२. उद्दिष्टे व मर्यादा

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(१) शिक्षणासाठी पैसे देण्याच्या कल्पनेची महाराष्ट्रातील पूर्वपीठिका पाहणे.
(२) प्रमुख योजनांच्या रचनेची चिकित्सा करणे.
(३) नाशिक जिल्ह्यातील परिस्थितीच्या संदर्भात त्या रचनेची उपयुक्तता तपासणे.
(४) रोख रक्कम ही सेवेला पूरक आहे की पर्यायी, या प्रश्नाचा विचार करणे.

लेखाचे स्वरूप विश्लेषणात्मक आहे. योजनांच्या जाहीर तरतुदी, सार्वजनिक घटना व अन्यत्र झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष यांवर तो आधारलेला आहे; लाभार्थ्यांचे सर्वेक्षण हा त्याचा भाग नाही.

३. पूर्वपीठिका : दक्षिणा, विद्यावेतन आणि शिष्यवृत्ती

शिकण्यासाठी पैसे देणे म्हणजे लालूच दाखवणे होय, असा आक्षेप या योजनांवर अधूनमधून घेतला जातो. ज्याला शिक्षणाची खरी ओढ आहे त्याला पैशाची गरज नाही आणि पैशासाठी येणारा खऱ्या अर्थाने शिकत नाही, असा या आक्षेपाचा सूर असतो. महाराष्ट्राचा शैक्षणिक इतिहास मात्र त्याला दुजोरा देत नाही.

पेशवाईत श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाईच्या अस्तानंतर याच दक्षिणेच्या निधीतून १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा स्थापन झाली आणि तेथे अध्ययन करणाऱ्यांना विद्यावेतन मिळू लागले. अध्ययनासाठी द्रव्य स्वीकारल्याने त्या विद्यार्थ्यांच्या विद्येला कमीपणा आला, असे कोणी म्हटले नाही. उलट दक्षिणा हा विद्वत्तेचा सन्मान मानला गेला. विद्येसाठी द्रव्य देण्याची प्रथा अशा प्रकारे जुनी आहे. ते कोणाला द्यायचे, हा वादाचा विषय होता.

हा वाद स्पष्टपणे मांडला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी केली. त्याच निवेदनात शिष्यवृत्त्यांचाही विचार आहे. स्पर्धेने दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्त्या वरवर न्याय्य दिसल्या, तरी मागे राहिलेल्या वर्गांत शिक्षण पसरवण्याच्या कामी त्या येत नाहीत. म्हणून काही शिष्यवृत्त्या शिक्षण न पोहोचलेल्या वर्गांसाठी राखाव्यात, असा त्यांचा आशय होता. गुणवत्तेचे पारितोषिक आणि शिक्षणप्रसाराचे साधन हे शिष्यवृत्तीचे दोन वेगळे हेतू आहेत, हा भेद फुले यांनी तेव्हाच केला होता.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. त्यात मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद होती. वरकरणी हा मार्ग प्रोत्साहनाच्या उलट भासतो. तथापि, त्या दंडाआधी शासनाने स्वतःवर शाळा उघडण्याचे व त्या चालवण्याचे बंधन घेतले होते, ही बाब महत्त्वाची आहे. पालकावरील अटीला राज्यावरील अटीचा आधार होता. पुढील विवेचनात हा मुद्दा पुन्हा येईल.

४. योजनांची रचना

४.१ रक्कम

उपस्थिती भत्त्याखेरीज महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती ही दीर्घकाळ चाललेली योजना आहे. मागासवर्गीय मुलींसाठी असलेल्या या शिष्यवृत्तीत इयत्ता पाचवी ते सातवीसाठी दरमहा ६० रुपये व आठवी ते दहावीसाठी दरमहा १०० रुपये, असे दहा महिन्यांचे अनुक्रमे ६०० व १,००० रुपये दिले जात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात सुरू झालेल्या पूर्वमाध्यमिक शिष्यवृत्तीत पहिली ते चौथीसाठी वार्षिक १,०००, पाचवी ते सातवीसाठी १,५०० आणि आठवी ते दहावीसाठी २,००० रुपये अशी तरतूद होती.

या आकड्यांचा अर्थ मजुरीच्या दराशी तुलना केल्याशिवाय लागत नाही. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर २०२४-२५ मध्ये दिवसाला २९७ रुपये होता. म्हणजे चौथीतली मुलगी वर्षभर एकही दिवस न चुकवता शाळेत आली, तरी तिचा उपस्थिती भत्ता तिच्या आईच्या एका दिवसाच्या मजुरीला पुरत नाही. सातवीतल्या मुलीची वर्षाची शिष्यवृत्ती दोन दिवसांच्या मजुरीएवढी, तर दहावीतल्या मुलीची साडेतीन दिवसांच्या मजुरीपेक्षाही कमी भरते.

मेक्सिकोमध्ये १९९७ साली सुरू झालेल्या 'प्रोग्रेसा' कार्यक्रमाची रचना येथे तुलनेस उपयोगी आहे. तेथे शाळेत गेल्याने मुलाची जी कमाई बुडते, ती डोळ्यांसमोर ठेवून रक्कम ठरवली गेली; त्या कमाईच्या साधारण दोन-तृतीयांश एवढी ती होती. वरच्या इयत्तांत रक्कम वाढत जाई आणि माध्यमिक स्तरावर मुलींना मुलांपेक्षा अधिक मिळे. अर्थशास्त्रज्ञ टी. पॉल शुल्झ यांच्या अभ्यासात या कार्यक्रमाचा ठळक परिणाम माध्यमिक प्रवेशाच्या टप्प्यावर आढळला. प्राथमिक स्तरावर पटनोंदणी आधीच जवळजवळ पूर्ण असल्यामुळे तेथे फार वाव नव्हता. पैसा नेमक्या कोणत्या वयात द्यावा, याचे उत्तर त्यातून मिळते. महाराष्ट्रातील उपस्थिती भत्ता मात्र पहिली ते चौथीपुरताच, म्हणजे गळतीचा धोका तुलनेने कमी असलेल्या वयात, मर्यादित राहिला.

४.२ वेळ

२०२३ मध्ये महाराष्ट्रात 'लेक लाडकी' योजना सुरू झाली. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबात १ एप्रिल २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलीला जन्मानंतर ५,०००, पहिलीत गेल्यावर ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ वर्षे पूर्ण झाल्यावर ७५,००० असे एकूण १,०१,००० रुपये देण्याची तरतूद तीत आहे. आधीच्या योजनांच्या तुलनेत ही रक्कम निश्चितच भरीव आहे. म्हणूनच तिची रचना अधिक बारकाईने पाहणे आवश्यक ठरते.

पहिली गोष्ट अशी की, एकूण रकमेपैकी सुमारे तीन-चतुर्थांश भाग अखेरच्या हप्त्यात आहे. शाळेत असतानाच्या बारा वर्षांत मिळणारी रक्कम फक्त २१,००० रुपये होते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. सहावी आणि अकरावी या दोन हप्त्यांच्या मध्ये एकही हप्ता नाही. सातवी, आठवी, नववी व दहावी या चार इयत्ता पूर्ण कोरड्या आहेत. गावची शाळा संपून दूरच्या माध्यमिक शाळेत जावे लागते ते याच काळात. वयात आलेल्या मुलीच्या सुरक्षिततेची चिंता, घरकाम, मजुरी आणि लग्नाची बोलणी हे सारे याच चार वर्षांत एकत्र येते. अकरावीचा हप्ता हा ही चार वर्षे निभावलेल्या मुलीचा सत्कार आहे. जी नववीत थांबली, तिला थांबू नये म्हणून काहीही मिळालेले नाही.

अठराव्या वर्षी एकरकमी पैसे देण्याचा प्रयोग हरियाणात १९९४ मध्ये 'अपनी बेटी अपना धन' या योजनेने केला होता. मुलीच्या नावे गुंतवलेली रक्कम ती १८ वर्षांची होईपर्यंत अविवाहित राहिल्यास मिळणार होती. पहिल्या मुली अठरा वर्षांच्या झाल्यावर झालेल्या मूल्यमापनात त्यांच्या शालेय शिक्षणात काही वाढ दिसली. मात्र लग्नाचे वय पुढे गेल्याचे आढळले नाही आणि अनेक कुटुंबांनी ही रक्कम लग्नखर्चाची पुंजी मानली होती. 'लेक लाडकी'च्या अखेरच्या हप्त्यालाही मुलगी अविवाहित असण्याची अट आहे. ७५,००० रुपये कोणत्या कारणासाठी वापरले जातील, याचे उत्तर कुटुंबाच्या हेतूपेक्षा त्या वेळी तिच्यासमोर कोणते शैक्षणिक पर्याय उघडे असतील, यावर अवलंबून राहील. बारावीपर्यंत पोहोचलेली मुलगी त्या रकमेतून पदवीचे शिक्षण घेऊ शकेल. आठवीत घरी बसलेल्या मुलीसाठी तीच रक्कम हुंडा व मांडवखर्चाखेरीज फारसे काही सुचवणार नाही.

वेळेचे महत्त्व कोलंबियातील बोगोटा येथे २००५ मध्ये झालेल्या एका प्रयोगातून दिसते. तेथे दरमहाच्या रकमेतील काही भाग राखून ठेवून तो पुढील वर्षाच्या प्रवेशाच्या वेळी दिला गेला, तेव्हा पुढच्या इयत्तेत जाणाऱ्यांचे प्रमाण वाढले. एकूण रकमेत वाढ न करता केवळ ती देण्याचा काळ बदलल्याने हा परिणाम साधला. घरात पैशाची चणचण केव्हा असते आणि शाळा सोडण्याचा निर्णय केव्हा होतो, हे जाणून घेतल्याशिवाय हप्त्यांचे वेळापत्रक ठरवता येत नाही.

४.३ निवड

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती ही केंद्र पुरस्कृत योजना २००८ मध्ये सुरू झाली. नववी ते बारावीसाठी तिची वार्षिक रक्कम आरंभी ६,००० होती. २०१७ पासून ती १२,००० करण्यात आली. प्रस्तुत लेखात विचारात घेतलेल्या योजनांपैकी शालेय वर्षांत दरवर्षी मिळणारी ही सर्वांत मोठी रक्कम होय आणि ती नेमक्या गळतीच्या वयात मिळते. परंतु ती आठवीत घेतल्या जाणाऱ्या स्पर्धापरीक्षेतून मिळते. ज्यांना गणित, विज्ञान व बौद्धिक चाचणीची तयारी करून घेणारा शिक्षक लाभतो, त्यांच्याच पदरी ती पडण्याची शक्यता अधिक. फुले यांनी १८८२ मध्ये केलेला भेद येथे पुन्हा समोर येतो. भरीव रक्कम स्पर्धेला जोडलेली आणि किरकोळ रक्कम गरजेला, अशी ही वाटणी आहे.

५. नाशिक जिल्ह्याचा संदर्भ

नाशिक जिल्ह्यात या प्रश्नाचे दोन टोकांचे प्रदेश शेजारी शेजारी आहेत. निफाड व दिंडोरी तालुक्यांत द्राक्षबागांची समृद्ध शेती आहे, तर पेठ, सुरगाणा व त्र्यंबकेश्वर या आदिवासीबहुल तालुक्यांत पावसावरची भात-नागलीची शेती. हे दोन प्रदेश मजुरीने जोडलेले आहेत. पश्चिमेकडची पिके हातात आली की तेथील कुटुंबे पूर्वेकडच्या बागांत जातात. ऑक्टोबरची गोडी छाटणी, त्यानंतरची विरळणी, जानेवारीपासून एप्रिलपर्यंत चालणारी काढणी आणि पुन्हा एप्रिलची खरड छाटणी, असा हा कामाचा क्रम असतो. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, त्यामुळे पहिल्या सत्रात पटावरील मूल वर्गात असते आणि दिवाळीनंतर ते बागेच्या बांधावर दिसते.

या मुलांपैकी मुलींचे काम बहुधा मजुरीचे नसते. धाकटे भावंड सांभाळणे, पाणी भरणे, भाकरी करून ठेवणे, ही कामे त्यांच्याकडे येतात. ती केल्याने आईला पूर्ण दिवसाची मजुरी मिळते. म्हणजे मुलीची शाळा बुडते तेव्हा कुटुंबाला मिळते ती आईची मजुरी. या हिशेबापुढे दिवसाचा एक रुपया टिकत नाही, हे उघड आहे. तसेच केवळ रक्कम वाढवूनही हा प्रश्न पूर्ण सुटणार नाही, हेही तितकेच उघड आहे. धाकट्या भावंडासाठी कामाच्या ठिकाणाजवळ अंगणवाडी वा पाळणाघर असेल, अथवा आईवडील गेल्यावर मुलाला गावीच ठेवून घेणारे हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झाले, तरच शाळेत जाणे कुटुंबाच्या आवाक्यात येते. हंगामी वसतिगृहाची तरतूद महाराष्ट्रात आहे. ते स्थलांतरानंतर सुरू झाले तर त्याचा उपयोग उरत नाही.

अंतर हा दुसरा घटक आहे. मानव विकास कार्यक्रमांतर्गत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलखरेदीसाठी रक्कम देण्याची तरतूद आहे. ती २०२२ मध्ये ३,५०० वरून ५,००० रुपये करण्यात आली. बिहारमध्ये २००६ पासून राबविल्या गेलेल्या सायकल योजनेचा कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांनी अभ्यास केला. माध्यमिक शाळेतील मुलींच्या पटनोंदणीत सुमारे ३२ टक्के वाढ झाल्याचा त्यांचा निष्कर्ष आहे आणि शाळा दूर असलेल्या गावांत तिचा परिणाम अधिक दिसला. तेथे पैसा एका ठोस अडचणीशी, म्हणजे अंतराशी, जोडलेला होता. बिहारच्या सपाट प्रदेशातील हा उपाय सुरगाण्याच्या घाटवाटांवर जसाच्या तसा लागू पडणार नाही. तेथे बस किंवा निवासाची सोय अधिक उपयोगी ठरेल. मात्र रक्कम कोणत्या अडचणीसाठी आहे, हे स्पष्ट असावे, हा त्यातील धडा सर्वत्र लागू आहे.

या अंतराच्या प्रश्नाला २०२२ मध्ये एका घटनेने वाचा फोडली. इगतपुरी तालुक्यातील दरेवाडी या भाम धरणाने विस्थापित झालेल्या वस्तीतील शाळा बंद करून तेथील मुलांचे दूरच्या शाळेत समायोजन करण्यात आले. तेव्हा मुलांनी पालकांसह नाशिकला जिल्हा परिषदेकडे मोर्चा नेला आणि 'दप्तर घ्या, बकऱ्या द्या' अशी मागणी केली. या मागणीतील उपरोधाकडे केवळ बातमी म्हणून पाहता येणार नाही. प्रोत्साहन योजनांचे सारे अर्थशास्त्र 'शाळा की काम' या निवडीवर उभे आहे. कुटुंब काम निवडते, म्हणून त्याला पैसे देऊन शाळेकडे वळवायचे, अशी त्यामागची धारणा असते. दरेवाडीच्या मुलांनी शाळाच निवडली होती. शाळा काढून घेतली गेली, तेव्हा उरलेला पर्याय त्यांनी शासनासमोर मांडला. पालकांच्या उदासीनतेवर इलाज म्हणून आखलेल्या योजनांकडे या परिस्थितीला उत्तर नाही. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव राज्यस्तरावर मागवले गेले, हे लक्षात घेता दरेवाडीचा प्रश्न एका वस्तीपुरता राहत नाही.

६. अट कोणावर?

सशर्त योजनेत अट लाभार्थ्यावर असते. ठरावीक उपस्थिती, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँक खाते, आधार जोडणी, अपत्यांची संख्या, कुटुंबनियोजन, अविवाहित असल्याची घोषणा, अशा अटींची यादी दर योजनेगणिक वाढत गेली आहे. त्यातील काही अटींचा शिक्षणाशी संबंधही नाही. मुलीच्या शिक्षणाचा हप्ता आईवडिलांच्या कुटुंबनियोजनाच्या दाखल्यावर अडणे हे तिच्या बाजूने पाहिले तर अन्यायाचे आहे, कारण तो निर्णय तिचा नव्हता.

याउलट देणाऱ्यावर कोणती अट असते? हप्ता ठरल्या दिवशी न मिळाल्यास भरपाईची तरतूद नसते. शिक्षकाची जागा रिक्त राहिली, वर्ग भरला नाही, तर मुलीच्या गैरहजेरीचा दोष कोणाकडे, याचा विचार नसतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वयोगटातील मुलांच्या प्रवेशाची, उपस्थितीची व शिक्षण पूर्ण होण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. कायद्याने राज्याचे असलेले कर्तव्य योजनेच्या भाषेत मात्र कुटुंबाची पात्रता बनते. शासकीय परिभाषेतील 'लाभार्थी' व 'गळती' हे शब्दही हीच दृष्टी दाखवतात. हक्क असलेला नागरिक लाभार्थी होतो, आणि ज्या मुलाला शाळा धरून ठेवू शकली नाही, ते मूल आपणहून गळाले असे ठरते.

अटींची खरोखर किती गरज आहे, याविषयी उपलब्ध अभ्यास एकमुखी नाहीत. मोरोक्कोतील 'तयसीर' कार्यक्रमाच्या अभ्यासात असे आढळले की, उपस्थितीची अट न घालता केवळ 'ही रक्कम मुलांच्या शिक्षणासाठी आहे' असे सांगून दिलेल्या पैशानेही शाळेतील सहभाग लक्षणीय वाढला. अट घातल्याने त्यात भर पडली नाही. मलावीतील अभ्यासात मात्र शाळेत टिकण्याच्या बाबतीत सशर्त रक्कम सरस ठरली, तर लवकर लग्न व गर्भधारणा टाळण्याच्या बाबतीत बिनशर्त रक्कम सरस ठरली. कारण ज्या मुली तरीही शाळेबाहेर पडल्या, त्यांना बिनशर्त रकमेचा आधार मिळत राहिला. अटीमुळे सर्वांत अडचणीत असलेली मुलगीच प्रथम वगळली जाते, हे यातून ध्यानात येते.

महाराष्ट्रात २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेत पात्र महिलांना दरमहा १,५०० रुपये थेट खात्यात, मुलांच्या शिक्षणाची कोणतीही अट न घालता देण्यास प्रारंभ झाला. या योजनेची आर्थिक व राजकीय चर्चा हा स्वतंत्र विषय आहे. प्रस्तुत संदर्भात एवढेच नोंदवणे पुरे की, मोठ्या संख्येला, नियमित व भरीव रक्कम पोहोचवण्याची प्रशासकीय क्षमता राज्याकडे आहे, हे त्यातून सिद्ध झाले. त्यामुळे उपस्थिती भत्ता एक रुपयावर राहिला, याचे कारण असमर्थता असे देता येत नाही. चौथीतल्या मुलीला मत नसते, हे कारण अधिक पटण्यासारखे आहे.

७. रोख रक्कम : पूरक की पर्याय?

१५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा अनेक राज्यांत उपस्थितीच्या अटीवर दरमहा तीन किलो कोरडे धान्य घरी दिले जाई. धान्य घरात जाई, वाटून खाल्ले जाई आणि मुलाच्या ताटात त्याचा हिशेब लागत नसे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. त्यानंतर शाळेतच जेवण मिळू लागले आणि उपस्थितीची वेगळी अट घालण्याची गरजच उरली नाही; जेवणासाठी मूल शाळेत असणे ओघानेच आले.

वसतिगृहांच्या बाबतीत राज्याने २०१८ मध्ये याच्या उलट दिशेने पाऊल टाकले. शहरी भागांतील शासकीय आदिवासी वसतिगृहांमधील भोजनालयाऐवजी जेवणाची रक्कम विद्यार्थ्यांच्या खात्यात थेट जमा करण्याचा निर्णय झाला. त्याविरुद्ध जुलै २०१८ मध्ये आदिवासी विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी मोर्चा काढला. सिन्नर तालुक्यात नांदूर शिंगोटे येथे पोलिसांनी तो अडवला. या घटनेचे वेगळेपण असे की, पैसे नकोत, जेवण द्या, अशी मागणी पैसे मिळणारेच करत होते. रक्कम महिना उलटल्यावर जमा झाली तर दरम्यान खायचे काय, स्वयंपाकात अभ्यासाचे तास जाणार, आणि घरची नड पाहून मुलगा आपल्या जेवणाचे पैसे गावी पाठवणार, हे त्यांचे मुद्दे व्यवहारातले होते. गरिबाच्या हाती पैसा दिला की तो उधळतो, हा मध्यमवर्गीय समज येथे लागू पडत नाही. येथील भीती उलट होती. पैसा हाती आला की तो स्वतःवर खर्च करणेच त्या मुलाला अवघड जाणार होते.

वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'स्वयं' योजनेत भोजन व निवासासाठी रोख रक्कम दिली जाते. तिला असा विरोध झाला नाही, हे येथे महत्त्वाचे आहे. जेथे सेवा नव्हती तेथे रोख रक्कम भर घालणारी होती, म्हणून तिचे स्वागत झाले. जेथे चालू सेवा काढून तिच्या जागी रोख रक्कम आली, तेथे ती माघार वाटली.

गणवेशाच्या बाबतीतही हीच दोलायमानता दिसते. २०१७ मध्ये दोन गणवेशांचे ४०० रुपये विद्यार्थी व आई यांच्या संयुक्त खात्यात जमा करण्याचे ठरले. ४०० रुपयांसाठी त्याहून अधिक किमान शिल्लक मागणारे खाते उघडण्याची पाळी अनेक पालकांवर आली. पुढे ही रक्कम शाळा व्यवस्थापन समितीकडे आली. २०२४-२५ मध्ये 'एक राज्य एक गणवेश' धोरणानुसार राज्यस्तरावरून कापड व बचत गटांकडून शिलाई अशी व्यवस्था झाली, गणवेश उशिरा पोहोचल्याच्या तक्रारी झाल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे देण्यात आले. रोख, वस्तू, केंद्रीकरण, विकेंद्रीकरण असे सर्व मार्ग सात-आठ वर्षांत चाचपून झाले. वस्तू असो वा पैसा, तो मुलाच्या जवळच्या पातळीवरून आणि जूनमध्ये मिळाला, तरच उपयोगी पडतो, हा त्यातून निघणारा साधा निष्कर्ष आहे.

८. निष्कर्ष

(१) शिक्षणासाठी द्रव्यसाहाय्य देण्यात नैतिक गैर काही नाही. महाराष्ट्रात ते शतकांपासून दिले गेले आहे. गरिबाला दिले जाऊ लागल्यावरच त्याला लालूच म्हटले गेले.

(२) उपस्थिती भत्ता व सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती यांच्या रकमा बुडणाऱ्या मजुरीच्या तुलनेत नगण्य राहिल्या. भाववाढीशी न जोडलेला भत्ता कालांतराने केवळ नोंदवहीतील काम उरतो आणि तो शिक्षकाच्या माथी पडतो.

(३) 'लेक लाडकी' योजनेत रक्कम भरीव आहे. पण सातवी ते दहावी हा निर्णायक टप्पा तीत वगळला गेला आहे. अखेरच्या हप्त्यातील काही भाग या चार वर्षांत विभागल्यास एकूण खर्च न वाढवता तिची शैक्षणिक उपयुक्तता वाढेल.

(४) नाशिकसारख्या हंगामी स्थलांतराच्या जिल्ह्यात हप्त्याची वेळ दिवाळीनंतरच्या सत्राशी जोडणे आणि त्यासोबत पाळणाघर व हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू करणे आवश्यक आहे.

(५) अट उभयपक्षी असावी. मुलीच्या उपस्थितीची नोंद ठेवणाऱ्या योजनेने शाळा सुरू असल्याची, शिक्षक हजर असल्याची आणि हप्ता वेळेवर दिल्याचीही नोंद ठेवावी.

(६) रोख रक्कम सेवेला पूरक असावी. शाळा, भोजनालय व वसतिगृह काढून घेऊन दिलेल्या रकमेला प्रोत्साहन म्हणता येणार नाही.

९. समारोप

रोख प्रोत्साहनाच्या मर्यादा दाखवल्या म्हणजे ते बंद करावे, असा अर्थ होत नाही. जी मुलगी शंभर रुपयांच्या शिष्यवृत्तीतून वह्या घेते, तिच्यासाठी त्या वह्या खऱ्या असतात. प्रश्न असा आहे की, राज्य या रकमेकडे स्वतःच्या कर्तव्याचा एक भाग म्हणून पाहते, की त्या कर्तव्यातून सुटण्याचा मार्ग म्हणून. २०१८ मध्ये पुण्याहून निघालेले विद्यार्थी आणि २०२२ मध्ये नाशिकला आलेली दरेवाडीची मुले, या दोघांनीही पैसा मागितला नव्हता. एकाने जेवण मागितले, दुसऱ्याने शाळा. शिक्षणाची आस्था पालकांत नाही, या गृहीतकावर आखलेल्या योजनांना या दोन मोर्चांनी दिलेले उत्तर धोरणकर्त्यांइतकेच अध्यापकवर्गानेही ध्यानात घ्यावयास हवे. महाविद्यालयाच्या वर्गात बसलेली पेठ-सुरगाण्याची प्रत्येक मुलगी त्या चार कोरड्या इयत्ता ओलांडून आलेली असते, आणि जी तेथे पोहोचली नाही, तिची गैरहजेरी कोणत्याही हजेरीपटावर नोंदवलेली नसते.